एम्बरच्या बातम्या इतक्या शांत का असतात?

एम्बर.जेएस हे वेब अ‍ॅप्स बांधण्यासाठीचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा सांगाडा. त्याची नवी आवृत्ती आली की घोषणेचा साचा ठरलेला असतो. काय सुधारलं, कोणत्या गोष्टी यापुढे वापरू नयेत, कुठल्या प्रस्तावावर चर्चा सुरू आहे. साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा तेच. जावास्क्रिप्टच्या गजबजाटातून इथे डोकावणाऱ्याला वाटेल की यांच्याकडे काही घडतच नाही. माझ्या मते हा निरसपणा या मंडळींनी कष्टाने कमावलेला आहे, आणि त्याआधी त्यांनी आपल्याच वापरकर्त्यांना चांगलंच दमवलं होतं.

गोष्ट सुरू होते स्प्राउटकोअरपासून. चार्ल्स जॉली यांचं हे फ्रेमवर्क 2008 मध्ये एकदम प्रकाशात आलं, कारण अ‍ॅपलने मोबाइलमी या आपल्या ऑनलाइन सेवेची वेब अ‍ॅप्लिकेशन्स त्यावर बांधली. ब्राउझरमध्ये डेस्कटॉपसारखं अ‍ॅप चालवायचं तर फ्लॅश हे प्लगइनच हवं, अशी समजूत असलेला तो काळ. स्प्राउटकोअरने अ‍ॅपलच्या कोको फ्रेमवर्कमधल्या कल्पना जावास्क्रिप्टमध्ये आणल्या: डेटा बदलला की तो दाखवणारा भाग आपोआप बदलावा, त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागू नये. सोबत तयार बटणं, याद्या, खिडक्याही होत्या. अडचण अशी की त्या अ‍ॅपलला शोभत होत्या, पण आपल्या साइटचं रूप आपल्याला हवं तसं ठेवणाऱ्या वेब डेव्हलपरला त्या जड जात.

स्प्राउटकोअर 2.0 चं काम सुरू झालं ते हे ओझं उतरवण्यासाठी. त्यात पुढे होते येहुदा कॅट्झ आणि टॉम डेल. कॅट्झ रूबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या कोअर टीममधले आणि हँडलबार्स या टेम्प्लेट भाषेचे कर्ते, तर डेल यांनी अ‍ॅपलमध्ये काम केलेलं. नवं फ्रेमवर्क जुन्यापेक्षा इतकं वेगळं झालं की तेच नाव ठेवणं फसवं ठरलं असतं. डिसेंबर 2011 मध्ये त्याचं नाव अँबर ठरलं. पण त्या नावाचा स्मॉलटॉक या भाषेवर आधारलेला एक प्रकल्प आधीच होता, म्हणून काही दिवसांतच एक अक्षर बदलून एम्बर झालं.

पुढची दोन वर्षं सुरुवातीच्या वापरकर्त्यांना जड गेली. एम्बरचा सगळा भर यूआरएलवर होता. अ‍ॅपमधल्या प्रत्येक अवस्थेला स्वतःचा पत्ता हवा आणि पान ताजं केलं तर तिथेच परत यायला हवं, हा आग्रह आज सगळ्यांना पटलेला आहे. पण तो प्रत्यक्षात आणताना 1.0 च्या आधीच राउटर, म्हणजे कोणत्या पत्त्यावर काय दाखवायचं ते ठरवणारा भाग, मुळापासून बदलला गेला, आणि ज्यांनी आधीच्या राउटरवर अ‍ॅप उभं केलं होतं ते अडकले. त्याच कच्च्या एम्बरवर डिस्कोर्स हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर बांधलं जात होतं, हेही सांगायला हवं. 31 ऑगस्ट 2013 ला 1.0 आली आणि त्यानंतर क्रोमच्या धर्तीवर दर सहा आठवड्यांची गाडी सुरू झाली: कॅनरी ही सर्वांत कच्ची आवृत्ती, बीटा ही चाचणीची, मग रिलीज. एखादं काम वेळेत झालं नाही तर ते पुढच्या गाडीने जाईल, गाडी थांबणार नाही.

खरी परीक्षा झाली 2014 च्या शेवटी. ऑक्टोबरमध्ये अँग्युलर या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या टीमने दुसरी आवृत्ती जाहीर केली, आणि पहिलीवरून तिच्यावर जायला सरळ रस्ता नाही हे ऐकून लोक हादरले. नोव्हेंबरमध्ये एम्बरने 2.0 चा आराखडा आरएफसी, म्हणजे सगळ्यांची मतं मागवणारा जाहीर प्रस्ताव, म्हणून मांडला. त्यातली अट साधी होती: 2.0 मध्ये फक्त जुनं काढायचं, नवं जे यायचं ते 1.x मध्येच, टप्प्याटप्प्याने.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात जून 2015 मधल्या 1.13 मध्ये उरलेलं सगळं एकदम कोंबलं गेलं. ग्लिमर हे पान पडद्यावर उभं करणारं नवं रेंडरिंग इंजिन आलं आणि त्याच्यासोबत डिप्रिकेशनच्या, म्हणजे ‘ही सोय पुढे जाणार आहे’ अशा इशाऱ्यांचा पूर आला. कन्सोल उघडलं की पिवळ्या ओळीच ओळी. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, 2.0 आली. नियम तांत्रिकदृष्ट्या पाळला गेला होता, पण मोठ्या कोडबेसवाल्यांना ते सगळं तेवढ्या वेळात झेपणं शक्य नव्हतं. बऱ्याच टीम त्यानंतर 1.13 च्या आसपासच थबकल्या. शिवाय 2.0 सोबत येतील म्हणून गाजलेले कोनी कंसातले (< >) कॉम्पोनंट, म्हणजे पानाचे पुन्हा वापरता येणारे तुकडे, प्रत्यक्षात आले 2018 मध्ये, 3.4 ला.

आजच्या शिस्तीचा बराचसा भाग या अनुभवातून आला आहे. 2.4 पासून एलटीएस, म्हणजे जास्त काळ आधार मिळणाऱ्या, आवृत्त्या सुरू झाल्या, म्हणजे दर सहा आठवड्यांना धावायचं नसेल त्यांनी प्रत्येक चौथ्या आवृत्तीवर थांबत जावं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेशी देवाणघेवाणही इथेच दिसते. कॅट्झ रस्टच्या कोअर टीममध्येही होते. आरएफसीची पद्धत एम्बरने तिथून उचलली, आणि ‘एडिशन’ची कल्पनाही: नव्या गोष्टी सुट्या सुट्या येऊ द्यायच्या, आणि त्या एकत्र नीट बसल्या की सगळ्या संचाला नाव द्यायचं. पहिली एडिशन ऑक्टेन, डिसेंबर 2019, आवृत्ती 3.15. तिच्यात जावास्क्रिप्टचे स्वतःचे नेटिव्ह क्लास, बदलल्या की पान आपोआप बदलणाऱ्या ट्रॅक्ड प्रॉपर्टी, नवे ग्लिमर कॉम्पोनंट. जुन्या पद्धतीचे कॉम्पोनंट त्याच अ‍ॅपमध्ये शेजारी चालत राहिले, आणि मला वाटतं 1.13 चं प्रायश्चित्त तिथे झालं.

चर्चा उघड्यावर असल्यामुळे माघारही उघड्यावर घ्यावी लागते. फाइलींची मांडणी बदलणारा ‘मॉड्यूल युनिफिकेशन’चा प्रस्ताव 2016 मध्ये मंजूर झाला होता, 2019 मध्ये तो सोडून दिला गेला, तेही जाहीरपणे.

या सगळ्याची किंमत होतीच. 2013 मध्येच आलेल्या रिअ‍ॅक्ट या लायब्ररीने सगळी गर्दी खेचली. नव्याने शिकणारा आता क्वचितच एम्बरपासून सुरुवात करतो. पण लिंक्डइनसारख्या कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि घोस्ट या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरचा अ‍ॅडमिन, हॅशिकॉर्पच्या व्हॉल्ट या पासवर्ड-किल्ल्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा इंटरफेस त्यात लिहिला गेला. अनेक वर्षं जगणाऱ्या, हळूहळू वाढणाऱ्या अ‍ॅप्सचा हा वर्ग आहे.

पुढच्या मोठ्या आवृत्त्याही त्याच शिरस्त्याने आल्या. 2021 मधल्या 4.0 ने इंटरनेट एक्सप्लोरर 11 चा आधार काढला, 2023 मध्ये 5.0 आणि 2024 मध्ये 6.0 आली. प्रत्येक वेळी मुख्य काम आधी जाहीर केलेलं जुनं काढणं हेच. एम्बरमध्ये प्रत्येक डिप्रिकेशनसोबत ते कोणत्या आवृत्तीपासून लागू झालं आणि कोणत्या आवृत्तीत ती सोय जाणार, हे कोडमध्येच लिहावं लागतं. म्हणून घोषणा आली की जुनी मंडळी नव्या सोयींचा भाग ओलांडून आधी डिप्रिकेशनची यादी पाहतात.