जानेवारीत टिकलेला प्रोसेसर मे महिन्यात का चुकला?

रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यालगत माझ्या भाच्याची एक लहानशी खोली आहे. ड्रोनने टिपलेल्या किल्ल्यांच्या आणि खाड्यांच्या चित्रफितींचे संपादन तो तिथे करतो, आणि त्यासाठी त्याने वरच्या श्रेणीतला प्रोसेसर घालून डेस्कटॉप संगणक जुळवून घेतला आहे. गेल्या जानेवारीत त्याने या प्रोसेसरच्या सर्व कोरचा, म्हणजे आतल्या गणना करणाऱ्या भागांचा, वेग ५.२ गिगाहर्ट्झवरून ५.५ गिगाहर्ट्झवर नेला (यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात) आणि प्राइम९५ नावाच्या प्रोग्रामने रात्रभर चाचणी चालवली. एकही चूक आढळली नाही, म्हणून आम्ही दोघेही काम झाले असे धरून चाललो. मे महिन्यात तीच चाचणी तिसऱ्या तासाला थांबली. राउंडिंग ०.५ आले, ते ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते, असा संदेश पडद्यावर होता. मधल्या चार महिन्यांत आम्ही एकही सेटिंग बदलले नव्हते. बदलली होती ती फक्त खोलीतली हवा.

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरतो. मदरबोर्डवरचा मूळ क्लॉक, म्हणजे ठोके देणारे घड्याळ, बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला मल्टिप्लायर नावाच्या आकड्याने गुणले जाते; बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगांच्या पडद्यावर, ५२ च्या जागी ५५ लिहिले की ५.५ गिगाहर्ट्झ मिळतात. लिहिणे सोपे आहे, पण त्याचा अर्थ असा की प्रत्येक ठोका आता अवघ्या १८२ पिकोसेकंदांचा झाला. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांइतकाच पुढे सरकतो.

एका ठोक्यात काय घडावे लागते, ते दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवरून समजावून घेता येईल. बोट सुटण्याआधी दुचाकी, मोटारी आणि मागून येणारा चिऱ्याचा ट्रक अशी सगळी वाहने चढलेली असावी लागतात, आणि बोटीची वेळ ठरते ती सर्वांत सावकाश चढणाऱ्या ट्रकवरून. प्रोसेसरमध्येही विजेचा संकेत असंख्य वाटांनी ट्रान्झिस्टरच्या साखळ्या ओलांडत जातो, आणि पुढचा ठोका पडण्याआधी सर्वांत लांबच्या वाटेवरचा संकेतही पोहोचून स्थिरावलेला असावा लागतो. ठोका लवकर पडला तर तो संकेत जेट्टीवरच राहतो. मग शून्याच्या जागी एक, किंवा एकाच्या जागी शून्य नोंदले जाते, आणि ते चुकीचे आहे हे पुढच्या सर्किटला कळण्याचा काही मार्ग नसतो.

ट्रक लवकर चढवायचा उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणे. व्होल्टेज जास्त असले की ट्रान्झिस्टर लवकर पालटतात. मात्र त्याची किंमत उष्णतेच्या रूपात मोजावी लागते, आणि ती किंमत सरळ हिशेबाने वाढत नाही. चालू सर्किटला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भाच्याने १.२० व्होल्टचे १.३२ केले होते, म्हणजे दहा टक्के वाढ. वर्ग केला की ती २१ टक्के होते. त्यात वेगाची जवळजवळ सहा टक्के वाढ मिसळली की एकूण वाढ २८ टक्क्यांवर जाते. पूर्ण भाराखाली जो प्रोसेसर २०० वॅट घेत होता, तो आता २५६ वॅट घेऊ लागला, आणि ही सगळी उष्णता नखाएवढ्या नाही तरी रुपयाच्या नाण्याहून फार मोठ्या नसलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडत होती.

कूलर उष्णता नाहीशी करत नाही, ती खोलीतल्या हवेला देतो. म्हणून सिलिकॉनच्या त्या तुकड्याचे, म्हणजे चिपचे, तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढवलेला मजला असतो. भाच्याच्या कूलरचा हिशेब साधारणपणे दर वॅटमागे पाव अंशाचा निघतो. २५६ वॅटला ६४ अंश. जानेवारीच्या रात्री खोली २४ अंशांवर होती, तेव्हा चिप ८८ वर राहिली. मे महिन्याच्या दुपारी खोली ३३ अंशांवर होती आणि चिप ९७ वर गेली. या वर्गातल्या पुष्कळ प्रोसेसरना १०० अंशांची मर्यादा असते, त्यामुळे वरवर पाहता अजून तीन अंश हाताशी होते. पण ज्या व्होल्टेजवर हे प्रोसेसर चालतात तिथे तापलेला ट्रान्झिस्टर थोडा सावकाश पालटतो, आणि बंद असतानाही त्यातून झिरपणारी वीज वाढून उष्णतेत आणखी भर घालते. जानेवारीत जेमतेम वेळेत चढणारा ट्रक मे महिन्यात जेट्टीवर राहिला, तो असा.

आता त्या ०.५ या आकड्याकडे वळतो, कारण तो वाचताना मला या चाचणीविषयी मनापासून आदर वाटला. प्राइम९५ हा प्रोग्राम मुळात प्रोसेसर तपासण्यासाठी लिहिलेला नाही. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन प्रकारच्या, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या, प्रचंड मूळसंख्या शोधण्याचा सामूहिक उपक्रम सुरू केला, आणि हा त्याचा प्रोग्राम. त्यातल्या लुकास-लेहमर कसोटीत एका संख्येचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, उरलेली बाकी घ्यायची आणि तेच लाखो वेळा करत राहायचे असते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असल्याने मध्ये कुठेही एक बिट चुकला तर पुढचे सर्व काम वाया जाते. म्हणून प्रोग्राम चालता चालता स्वतःलाच तपासत राहतो. लाखो अंकी संख्यांचा गुणाकार तो दशांश अपूर्णांकांच्या गणिताने करतो, आणि त्याचे उत्तर पूर्णांक असायलाच हवे हे त्याला ठाऊक असते. उत्तर एखाद्या पूर्णांकापासून किंचित हललेले असेल तर जवळचा पूर्णांक घेता येतो. ते बरोबर मध्यावर, ०.५ वर पडले, तर अलीकडचा घ्यावा की पलीकडचा हे सांगता येत नाही. तिथे प्रोग्राम थांबतो आणि दोष यंत्राचा आहे असे स्पष्ट सांगतो.

चित्रफितीचे संपादन करणारा प्रोग्राम असे काही सांगत नाही. त्याच चुकीमुळे एखाद्या दृश्यात हिरवा चौकोन उमटेल, संकुचित केलेली फाइल उघडणार नाही, किंवा सहा महिन्यांपूर्वीचा बॅकअप बिघडलेला निघेल. संगणक बंद पडला तर निदान बिघाड झाला हे कळते. मला भीती वाटते ती मुकाट्याने चुकीचे उत्तर देऊन चालू राहणाऱ्या संगणकाची.

रात्रभराच्या चाचणीतही काही वाटा निसटतात. एक म्हणजे, तापमानाच्या मर्यादेला पोहोचलेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, त्यामुळे चाचणीबरोबर प्रत्यक्ष वेगाचा आकडा पाहिला नाही तर ५.५ ऐवजी ५.१ वर मिळवलेले यश आपण ५.५ च्या खात्यावर लिहितो. दुसरी वाट अधिक फसवी आहे. काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली तासन्‌तास टिकतात आणि नुसते एखादे फोल्डर उघडले की विंडोज कोसळल्याचा निळा पडदा दाखवतात, कारण हलक्या कामात एखाददुसरा कोर सर्वांत वरच्या वेगाकडे झेपावतो आणि तेवढ्या क्षणापुरते त्याला व्होल्टेज अपुरे पडते. आमच्याकडे विहिरीवरचा पंप सुरू झाला की पडवीतला दिवा क्षणभर मंदावतो; भार अचानक आला की प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेजही तसेच खाली बसते. म्हणून चाचणी मध्येच थांबवून, पुन्हा सुरू करून, संगणक झोपवून, जागा करून पाहावे लागते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाखाली १९ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या, तर प्रोसेसरने चूक केली आणि ती स्वतःच सावरली असे समजावे. अशी एक नोंदही मला पुरेशी वाटते. तिथून वेग खाली आणायला लागावे.

मग कूलरमध्ये खोलीपेक्षा थंड पाणी का फिरवू नये, असे भाच्याने विचारले. किनाऱ्यावर हा मार्ग धोक्याचा आहे. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे पाण्याची नळी २७ पेक्षा थंड झाली की मडक्यासारखी पाझरल्यागत ओली दिसू लागते, आणि ते थेंब मदरबोर्डवर उतरतात. द्रवरूप नायट्रोजन ओतून २०२२ साली ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला गेला, पण तो काही मिनिटांचा खेळ होता आणि बोर्डाला आधी ओलाव्यापासून जपलेले होते. रोजच्या कामाला आपल्या हवेत हवेचाच कूलर किंवा खोलीच्या तापमानाचे पाणी बरे.

पूर्वी यात मिळकतही मोठी होती. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, त्याचा बस क्लॉक, म्हणजे त्या काळचा मूळ क्लॉक, ६६ वरून १०० केला की अनेकांकडे बिनतक्रार ४५० वर चाले. सध्याचे प्रोसेसर कारखान्यातूनच काठापर्यंत ताणलेले येतात. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे झीज होऊन अस्थिरता आली, आणि कंपनीला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, बदलून व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टवर अडवावी लागली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवावी लागली. कारखान्याच्या सेटिंगवर हे झाले, हे हाताने व्होल्टेज वाढवणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आम्ही ५.४ गिगाहर्ट्झ आणि १.२६ व्होल्टवर थांबलो. हिशेबाने ते २२९ वॅट होतात आणि ३३ अंशांच्या खोलीत चिप ९० वर राहते. चाचणी मुद्दाम मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता, खिडकी बंद करून आणि छताचा पंखा थांबवून सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू ठेवली. तासाभराच्या रेंडरमागे, म्हणजे अंतिम चित्रफीत तयार होण्याच्या कामामागे, आता सुमारे दोन मिनिटे वाचतात. पावसाळा सरला की कूलरच्या पात्यांवर खारट धुळीचा चिकट थर बसलेला असेल. तो पुसून, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) नवी लावून ऑक्टोबरच्या उन्हात हीच चाचणी पुन्हा घ्यायची, असे भाच्याने कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवले आहे.