डोळ्यातला सीएमव्ही : इंजेक्शन, गोळी आणि नागपूरचे फेरे

एचआयव्हीसह जगणाऱ्याचं सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, पन्नासच्या खाली गेलं की वर्षानुवर्षं अंगात गप पडून असलेला सीएमव्ही (सायटोमेगालोव्हायरस) हा विषाणू उठतो आणि बहुतेकदा डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) धरतो. १९८१ मध्ये अमेरिकेत ज्या पाच तरुणांच्या आजारावरून एड्सची पहिली नोंद झाली, त्या पाचही जणांत हा विषाणू सापडला होता. १९८९ मध्ये तिकडे त्यावरच्या गॅनसायक्लोव्हिर या औषधाला मान्यता मिळाली. १९९६ नंतर प्रभावी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारे औषधोपचार, आली आणि डोळ्याचे नवे रुग्ण झपाट्याने कमी झाले.

आपल्याकडे मोफत एआरटी सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडला. महाराष्ट्राच्या वाट्याचं पहिलं केंद्र मुंबईत होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा किंवा वणीच्या माणसाला त्याचा उपयोग काय, हे वेगळं सांगायला नको. शिवाय तेव्हा सीडी-फोर दोनशेच्या खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. ही अट पुढे सैल होत गेली आणि २०१७ मध्ये सुटली. पण मधल्या काळात माणूस केंद्रापर्यंत पोचायचा तो खंगूनच, म्हणजे नेमका सीएमव्हीच्या टप्प्यात.

गोळीचं प्रकरण याच काळातलं. शिरेतून गॅनसायक्लोव्हिर द्यायचं तर रोज सलाईन, भरती आणि रक्ततपासण्या. त्याचंच गोळीतलं रूप म्हणजे व्हॅलगॅनसायक्लोव्हिर. पहिले २१ दिवस रोज चार गोळ्या, म्हणजे एकूण ८४, आणि त्यानंतर रोज दोन. मूळ परदेशी कंपनीची एक गोळी तेव्हा हजार रुपयांच्या वर होती. पहिल्या तीन आठवड्यांचेच ८४ हजार! कोरडवाहू कापसावर घर चालवणाऱ्याने हा आकडा नुसता ऐकावा. २००७ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने या औषधाला पेटंट दिलं, तेही रुग्णांच्या संघटनांनी आधीच नोंदवलेल्या हरकतीवर सुनावणी न घेता. संघटनांचं म्हणणं साधं होतं : जुन्याच औषधाला एक शेपूट जोडलंय, यात नवा शोध कुठला? २००५ च्या दुरुस्तीनंतरचा आपला कायदाही तेच विचारतो. कंपनीची बाजू अशी की पोटातून नीट शोषलं जाणारं रूप शोधणं हेच खरं काम. त्यात थोडं तथ्य आहे, पण हजार रुपयांइतकं नाही. दरम्यान एका भारतीय कंपनीने तीच गोळी अडीचशेच्या आत बाजारात आणली आणि तिच्यावर दावा ठोकला गेला. सुनावणी टाळल्याबद्दल २००८ मध्ये उच्च न्यायालयाने पेटंटचा निर्णय बाजूला ठेवला. बरेच खेटे झाल्यावर २०१० मध्ये पेटंट गेलं. २०१५ मध्ये जागतिक अत्यावश्यक औषधांच्या यादीतही गोळी आली.

तोवर इथल्या नेत्रतज्ज्ञांनी आपला मार्ग काढला होता : थेट डोळ्यात इंजेक्शन. बुबुळाच्या बाजूने बारीक सुईने ०.१ मिलीत २ मिलिग्रॅम औषध. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग दर आठवड्याला. औषध स्वस्त, पण पडद्याचा डॉक्टर नागपूरला. पहाटेची एसटी, सोबतचा माणूस, दोघांची बुडालेली मजुरी. वेचणीच्या दिवसांत हे फेरे तुटायचेच. आणि इंजेक्शन सांभाळतं तो एकच डोळा. दुसऱ्या डोळ्यात किंवा आतड्यात विषाणू वाढत राहिला तर त्याला ते अडवत नाही.

मुळात हा आजार लवकर कळत नाही. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. काळे ठिपके तरंगतात, कडेने अंधारल्यासारखं वाटतं, आणि घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल. कित्येकदा तेवढंही जाणवत नाही. रक्तातल्या सीएमव्ही अँटीबॉडीच्या रिपोर्टवर पैसे घालण्यात अर्थ नाही, कारण तो आपल्यापैकी जवळपास सगळ्यांचाच पॉझिटिव्ह येईल. थेंब टाकून बाहुली मोठी करायची आणि पडदा कडेपर्यंत बघायचा, हीच खरी तपासणी. गावाकडची नेत्रशिबिरं मात्र मोतीबिंदू आणि चष्म्याभोवतीच फिरतात.

एआरटी लागू पडल्यावर दुसरीच अडचण येते. सीडी-फोर वाढतं, प्रतिकारशक्ती जागी होते, डोळ्याच्या आत सूज येऊन दिसणं आणखी धूसर होतं. रुग्णाला वाटतं, गोळ्यांनीच डोळा घालवला, आणि तो एआरटी सोडतो. खरं तर सीएमव्हीचं औषध कधी थांबवायचं हे त्याच एआरटीवर ठरतं : सीडी-फोर शंभरच्या वर किमान तीन ते सहा महिने टिकलं आणि पडद्यावरचा डाग शांत असला, तरच.