सुंता (ज्यू जन्मसंस्कार)

मुलग्याच्या जन्मानंतर आठव्या दिवशी शिश्नाग्रावरील त्वचा काढण्याचा ज्यू धर्मविधी. हिब्रू नाव ‘ब्रित मिला’. बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथात (अध्याय १७) तो ईश्वराने अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण म्हणून येतो; लेवीय १२:३ मध्ये आठव्या दिवसाचा नियम पुन्हा सांगितला आहे. जन्मदिवस मोजणीत धरतात आणि ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे सोमवारी सूर्यास्तानंतर जन्मलेल्या मुलाची सुंता पुढच्या मंगळवारी येते. आठवा दिवस शब्बाथाचा (शनिवारचा, काम वर्ज्य असलेला विश्रांतिदिन) असला तरी विधी टळत नाही. मात्र शस्त्रक्रियेने जन्मलेल्या मुलाची सुंता शब्बाथाला करीत नाहीत. बालक आजारी असल्यास विधी पुढे ढकलणे बंधनकारक आहे. सुंतेमुळे दोन भाऊ दगावले असतील तर पुढच्या मुलाची सुंता करू नये, हे तालमुद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथातील मत रक्तस्रावाच्या आनुवंशिक विकाराचा फार जुना उल्लेख मानले जाते.

उगमाबद्दल एकमत नाही. ही चाल मूळ इजिप्शियन असून ‘पॅलेस्टाइनमधील सीरियनांनी’ ती तेथून उचलली, असे ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस (इ.स.पू. पाचवे शतक) लिहितो. सक्कारा येथील अंखमाहोरच्या थडग्यातील शिल्पपट (सहावे राजघराणे, सुमारे इ.स.पू. २३००) या मताच्या पुष्ट्यर्थ दाखवला जातो. त्यात मात्र तान्ही मुले नसून उभे राहिलेले तरुण आहेत. शिवाय इजिप्तमध्ये बहुधा त्वचेला केवळ छेद देत, ती पूर्ण काढीत नसत. अभ्यासक जॅक सॅसन यांनी १९६६ मध्ये उत्तर सीरियातील त्याहून जुन्या मूर्तींच्या आधारे उलट दिशा सुचवली : चाल उत्तरेकडून इजिप्तकडे गेली असावी. पुरावा तुटपुंजा असला तरी हे मत अधिक ग्राह्य वाटते. यहोशवाच्या ग्रंथातील (अध्याय ५) गारगोटीच्या सुऱ्या आणि मोशेची पत्नी सिप्पोरा हिने मुलाची सुंता केल्याची निर्गमातील (४:२४–२६) गूढ कथा यांवरून प्रथेचे प्राचीनत्व दिसते. संदेष्टा यिर्मया इजिप्त, अदोम, अम्मोन व मवाब यांनाही सुंता झालेल्यांत गणतो. म्हणजे शेजाऱ्यांपासून वेगळे ठरवणारी ही खूण आरंभी नव्हती. बॅबिलोनियन लोक सुंता करीत नसत, त्यामुळे तेथील निर्वासनाच्या काळात (इ.स.पू. सहावे शतक) तिला ओळखीची खूण म्हणून महत्त्व आले असावे.

पुढे ग्रीक अंमलाखाली व्यायामशाळेत विवस्त्र वावरावे लागे. काही ज्यू तरुणांनी त्वचा ओढून खूण पुसल्याचे १ मक्काबी हा ग्रंथ सांगतो. ग्रीक वंशाचा सेल्युसिड राजा चौथा अँटायओकस याने सुमारे इ.स.पू. १६७ मध्ये सुंतेवर बंदी घातली आणि मुलांची सुंता करविणाऱ्या मातांना ठार मारले. रोमन सम्राट हेड्रियनच्या बंदीमुळे बार कोखबाचे रोमविरोधी ज्यू बंड (इ.स. १३२–१३५) झाले की बंडानंतर बंदी आली, हा वाद मिटलेला नाही. छेदानंतर अंतस्त्वचा फाडून मागे सारण्याची ‘पेरिआ’ ही दुसरी पायरी मिश्ना या ज्यू विधिसंहितेने अनिवार्य ठरवली. खूण पुसता येऊ नये म्हणून ती याच सुमारास आली, असा तर्क आहे. तिसरी पायरी ‘मेत्सित्सा’, म्हणजे जखमेतील रक्त ओढून घेणे. पूर्वी हे तोंडाने करीत. १८३७ च्या सुमारास धर्मगुरू मोझेस सोफर यांनी स्पंजाला मुभा दिली. पुढे काचेची नळी आली. काही हसिदी (कर्मठ भक्तिपंथी) गट अजूनही जुनी रीत पाळतात. तीतून हर्पीस विषाणूचा संसर्ग झाल्यामुळे न्यूयॉर्क शहराने २०१२ मध्ये पालकांची लेखी संमती सक्तीची केली. २०१५ मध्ये ती अट मागे घेतली.

विधीच्या वेळी बालकाला प्रथम संदेष्टा एलियाच्या राखीव खुर्चीवर क्षणभर ठेवतात, मग ‘संदेक’च्या (बालकाला धरून बसणाऱ्या मानकऱ्याच्या) मांडीवर. सुंता करणारा ‘मोहेल’. त्यानंतर नाव ठेवतात व बाळाच्या ओठांना द्राक्षारसाचा थेंब लावतात. मुलीचे नाव बहुधा सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाच्या वेळी जाहीर होते. आईचे पहिलेच अपत्य मुलगा असून तो नैसर्गिक प्रसूतीने झाला असेल तर एकतिसाव्या दिवशी पाच शेकेल चांदी देऊन त्याला पुरोहिताकडून सोडवून घेतात. पुरोहित व लेवी घराण्यांना हे लागू नाही.

सुंतेच्या हेतूबद्दलही मतभेद आहेत. प्राचीन ज्यू तत्त्वज्ञ फायलोने स्वच्छतेसह अनेक कारणे दिली. मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझने कामवासना मंदावणे हा हेतू सांगितला, ही गोष्ट आजचे समर्थक सहसा पुढे करीत नाहीत. १८४३ मध्ये फ्रँकफुर्ट येथील सुधारकांनी सुंतेची अनिवार्यताच नाकारली. सुधारणावादी धर्मगुरू अब्राहाम गायगरने खासगी पत्रात तिला रानटी, रक्तरंजित कृत्य म्हटले. ज्यू विद्वान त्सुन्त्सने मात्र तिची पाठराखण केली. पुढे सुधारणावादी पंथानेही ती सोडली नाही, अमेरिकेत १८९२ मध्ये केवळ प्रौढ धर्मांतरितांना तीतून सूट दिली. आज काही कुटुंबे छेदाविना ‘ब्रित शालोम’ करतात. कलोनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये एका मुस्लिम मुलाच्या प्रकरणात धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरवली. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मन संसदेने कायदा करून तिला अटींसह परवानगी दिली.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने इतर ज्यूंशी संपर्क नसतानाही शब्बाथ व सुंता टिकवली. सुंता करणे व लग्ने लावणे ही कामे वंशपरंपरागत काजींकडे असत. झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ही तीन घराणी सांगितली जातात. एलियाच्या नावाने होणारा मलिदा हा विधी अशा मंगलप्रसंगी करतात. या काजींना नेमणारा डेव्हिड रहाबी परंपरेनुसार फार जुना. काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातला मानतात.