उशाकडची भिंत सजवण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक हातात एखादे चित्र घेऊन येतात आणि "हे पलंगाच्या वर लावायचे आहे" असे सांगतात. आम्ही मात्र चित्राकडे वळण्याआधी त्यांच्या भिंतीविषयी पाच-सहा प्रश्न विचारतो, आणि ते काहींना अनावश्यक वाटतात. त्यामागचे कारण सांगण्यासाठी हे माहितीपत्रक लिहिले आहे. दिवाणखान्यातील चित्र खाली आले तर काच फुटते. उशाकडच्या भिंतीवरचे चित्र खाली आले तर ते झोपलेल्या माणसाच्या तोंडावर येते. शिवाय मुंबईतील भिंत वर्षातील चार महिने पावसाशी झुंजत असते. म्हणून या एका जागेसाठी आमचा क्रम ठरलेला आहे : आधी भिंत, मग वजन, आणि शोभा त्यानंतर.

भिंत कोरडी आहे का

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर तिरका येत असल्यामुळे इमारतीच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींना त्याचा मार सर्वांत जास्त बसतो. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी भेग असली तरी पाणी तिच्यातून आत झिरपते, आणि मग खोलीच्या बाजूने रंगाला फुगे येणे, पोपडे सुटणे, पांढरा क्षार फुलणे ही लक्षणे दिसू लागतात. दुसरी संशयाची भिंत म्हणजे न्हाणीघराला लागून असलेली. दहा बाय दहाच्या खोलीत कपाट, खिडकी आणि दार यांना जागा दिल्यावर पलंगासाठी बहुधा हीच भिंत उरते, आणि तिच्यात दडलेली नळाची पाइपलाइन कधी पाझरू लागेल हे बाहेरून कळत नाही.

ओल तपासण्याची एक सोपी रीत घरच्या घरी करता येते. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा एक फूट लांब-रुंद तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद कराव्यात आणि दोन दिवस तो तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे असे समजावे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतील हवेची आर्द्रता आहे. पहिल्या प्रकारात आम्ही काम घेत नाही आणि ग्राहकांनी आधी गळतीचा बंदोबस्त करावा असे सुचवतो. नव्याने गिलावा केलेल्या भिंतीवरही किमान चार आठवडे काही लावू नये.

हा आग्रह आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाने आजी-आजोबांच्या लग्नाचे जुने छायाचित्र आमच्याकडून मढवून घेतले आणि आम्ही ते मे महिन्यात न्हाणीघराच्या भिंतीवर, अगदी भिंतीला चिकटवून लावले. दसऱ्याच्या साफसफाईत ते खाली काढले तेव्हा मागचा पुठ्ठा काळ्या बुरशीने भरलेला होता आणि छायाचित्राचा एक कोपरा काचेला कायमचा चिकटलेला होता. त्या छायाचित्राची दुसरी प्रत कोणाकडेही नव्हती. तेव्हापासून आमच्या कार्यशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या जाड टिकल्या लावलेल्या असतात, जेणेकरून चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट राहून हवा खेळती राहील. आणि मूळ कागद काचेला टेकू नये म्हणून त्याच्या भोवती जाड पुठ्ठ्याची खिडकी असते. पाठीमागे आम्ही साधा पुठ्ठा वापरत नाही, कारण तो ओल शोषतो आणि कसरीला आयतेच खाद्य मिळते.

वॉलपेपरविषयी इथेच सांगून टाकतो : बाहेरच्या भिंतीवर तो लावू नये. प्लास्टिकचा थर असलेला कागद भिंतीची वाफ बाहेर पडू देत नाही, आणि त्याच्या मागची खळ बुरशीला पोसते.

भिंत कशाची आहे

गिरगाव, दादर, परळ अशा भागांतील जुन्या इमारतींत विटांच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा सापडतो, आणि तो जागोजागी विटेपासून सुटलेला असतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्यास जिथे पोकळ आवाज येतो तिथे काहीही टांगू नये. अशा भिंतीत ड्रिलचा हातोड्यासारखा ठोका बंद ठेवून सावकाश भोक पाडावे लागते, आणि प्लास्टिकची गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारी नळी) गिलाव्यात न अडकता विटेत जाऊन बसेल इतका लांब स्क्रू घ्यावा लागतो. साधा खिळा ठोकला तर तो त्या दिवशी घट्ट वाटतो, पण त्याला धरून ठेवणारा गिलावाच एक दिवस ढेपळतो. सिमेंटचा गिलावा असलेली विटांची भिंत सर्वांत विश्वासाची. तिच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

नव्या मनोऱ्यांत दोन टोके दिसतात. काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, आमचे कारागीर ज्यांना मायव्हानच्या भिंती म्हणतात अशा काँक्रीटच्या भिंती असतात. त्या वजन उत्तम पेलतात, मात्र भोक पाडताना आत सळई लागल्यास हट्ट न करता जागा दोन इंच सरकवावी लागते. उलट खोल्यांमधल्या भिंती बहुधा हलक्या ब्लॉकच्या, म्हणजे ज्याला बांधकामावर सिपोरेक्स म्हणतात त्याच्या असतात. हा ब्लॉक आतून सच्छिद्र असल्याने साधी गिट्टी त्यात काही महिन्यांत सैल होते. त्यासाठी लांब आणि रुंद आट्यांची वेगळी गिट्टी मिळते आणि आम्ही तीच वापरतो. जिप्समच्या पोकळ पडद्याला, म्हणजे पातळ आडभिंतीला, आतून पंख उघडणारी गिट्टी लागते.

पलंगाच्या दोन्ही बाजूंना विजेचे बोर्ड असतात आणि त्यांच्या तारा भिंतीच्या आतून सहसा सरळ उभ्या गेलेल्या असतात. म्हणून बोर्डाच्या थेट वर आणि थेट खाली, तसेच त्या उभ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एक वीत अंतरापर्यंत, भोक पाडू नये. तार शोधणारे उपकरण आमच्या कारागिरांकडे असते, तरी घराचे काम सुरू असताना काढलेली उघड्या वायरिंगची छायाचित्रे आपल्याकडे असल्यास ती जरूर दाखवावीत.

एअर कंडिशनरचे आतील यंत्र याच भिंतीवर असेल तर त्याच्या खाली चित्र लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाणी वाहून नेणारी नळी तुंबली की यंत्रातून भिंतीवर ओघळ येतात, आणि सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसालाही मोकळी जागा लागते.

वजन, काच आणि दोर

दोन फूट बाय तीन फुटांच्या चौकटीला दोन मिलिमीटर जाडीची काच बसवली तर एकट्या काचेचे वजन सुमारे पावणेतीन किलो होते. तेवढ्याच जाडीचे ॲक्रिलिक (काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक) सुमारे एक किलो तीनशे ग्रॅम भरते. ॲक्रिलिक तुटले तरी त्याचे काचेसारखे धारदार कपचे सहसा उडत नाहीत. या दोन कारणांमुळे उशाकडच्या भिंतीसाठी आम्ही काच वापरण्यास नकार देतो, मग ग्राहकाचा आग्रह कितीही असो. ॲक्रिलिकला ओरखडे लवकर पडतात ही त्याची उणी बाजू मान्य करावी लागते. म्हणून ते कोरड्या फडक्याने घासू नये, मऊ सुती कापड ओलसर करून पुसावे आणि काच पुसण्याचे तयार फवारे त्यावर मारू नयेत.

चौकटीच्या मागची तार ताठ असली की चित्र पक्के बसते असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. एकाच हुकावर टांगलेल्या चित्राची तार आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल तर तारेच्या प्रत्येक बाजूवर चित्राच्या संपूर्ण वजनाएवढा ताण येतो. तार याहून ताठ ओढली तर ताण वजनाच्याही वर जातो, आणि चौकटीतील कड्या हळूहळू उपसून येतात. आम्ही पलंगावरील प्रत्येक चित्रासाठी दोन वेगळे हुक आणि दोन वेगळ्या कड्या वापरतो, त्यामुळे एक निसटला तरी दुसरा चित्र धरून ठेवतो. रेल्वेमार्गालगतच्या घरांत याचा आणखी एक लाभ होतो : गाड्यांच्या रोजच्या कंपनाने एका हुकावरचे चित्र तिरके होत जाते, दोन हुकांवरचे होत नाही. हुक आणि स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडाला गंज लागायला वेळ लागत नाही.

उंची आणि रुंदी

पलंगाच्या डोकेपट्टीपासून आठ-दहा इंच वर चित्र लावावे असा ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. तो आम्ही जसाच्या तसा पाळत नाही. मुंबईच्या घरांत पलंगावर बसूनच चहा, अभ्यास आणि गप्पा होतात, आणि भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचे डोके गादीच्या वर जवळजवळ तीन फुटांपर्यंत पोहोचते. डोकेपट्टी ठेंगणी असेल तर त्या ठोकताळ्याने लावलेल्या चौकटीची खालची कड नेमकी डोक्यामागे येते. म्हणून घरातील सर्वांत उंच व्यक्तीने उशी पाठीशी घेऊन ताठ बसावे, डोक्याच्या माथ्याशी पेन्सिलीने खूण करावी आणि चौकटीची खालची कड त्या खुणेच्या किमान चार इंच वर ठेवावी.

रुंदीच्या बाबतीत मात्र पलंगाच्या दोन-तृतीयांश हे प्रमाण बरोबर ठरते. पाच फुटी पलंगावर सुमारे 40 इंच आणि सहा फुटी पलंगावर सुमारे 48 इंच रुंदीची सजावट डोळ्यांना स्थिर वाटते, मग ते एक चित्र असो की शेजारी-शेजारी लावलेली तीन. भोक पाडण्यापूर्वी चौकटीच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद कापून भिंतीवर चिकटवावेत आणि दोन रात्री ते पाहावेत.

काय लावावे

आमची पहिली पसंती कापडाला आहे. घरात जपून ठेवलेली गोधडी उशाकडच्या भिंतीवर जितकी शोभते तितके दुसरे क्वचितच काही शोभत असेल : ती मऊ आहे, तिला काच लागत नाही, आणि तिच्यात आईच्या-आजीच्या लुगड्यांचे तुकडे आहेत. गोधडीला भोके न पाडता तिच्या मागच्या बाजूला वरच्या कडेलगत सुती पट्टीचा नेफा हाताने टाचून घ्यावा आणि त्यातून लाकडी दांडी ओवून ती दोन हुकांवर ठेवावी. पावसाळ्यात ती उतरवून घडी करून ठेवता येते आणि नवरात्रात ऊन दाखवून पुन्हा लावता येते. पंख्याच्या वाऱ्याने ती हलत असेल तर खालच्या कडेलाही एक बारीक दांडी घालावी.

पैठणीचा पदर मढवून घेण्यासाठी ग्राहक आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही एकच अट घालतो : पदराला गोंद लागणार नाही. रेशीम धुतलेल्या सुती कापडावर बारीक टाक्यांनी टाचले जाते आणि ॲक्रिलिकपासून अर्धा इंच मागे ठेवले जाते. पश्चिमेच्या खिडकीचे ऊन थेट पडणाऱ्या भिंतीवर तो लावू नये, कारण रंग उडाला की परत येत नाही.

वारली चित्र थेट भिंतीवर काढून घेण्याची मागणीही वाढली आहे. ही कला मुळातच भिंतीची आहे. गेरू किंवा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक काढत आल्या आणि जिव्या सोमा मशे यांनी ती कागद-कापडावर आणून जगापुढे नेली, ज्यासाठी त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. तयार स्टिकरपेक्षा डहाणू, तलासरी, जव्हार भागांतील कलावंताला बोलावून दोन दिवसांचे काम करून घ्यावे असे आम्ही आवर्जून सुचवतो. पालघाट देवीचा चौक हा वारली समाजाच्या लग्नविधीचा भाग असल्याने तो शोभेसाठी काढून घेऊ नये. तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच, झाड, शेत यांतून निवड करावी. भिंतीवरील चित्राला वजन नसते आणि पडण्याची भीतीही नसते, पण भिंत पूर्ण कोरडी असावी लागते, त्यामुळे हे काम आम्ही डिसेंबर ते मार्च याच काळात ठरवतो.

देवांच्या तसबिरी आणि दिवंगत आप्तांची छायाचित्रे पलंगाच्या वर लावू नयेत अशी अनेक घरांची रीत आहे. त्याविषयी आम्ही स्वतःहून सल्ला देत नाही, मात्र घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे अशी विनंती करतो, कारण लावलेली तसबीर उतरवावी लागली की मन दुखावते आणि भिंतीला भोक राहते.

भाड्याच्या घरासाठी

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी घरमालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय भोक पाडू नये. चिकटपट्टीचे हुक डिस्टेंपरच्या भिंतीवर रंगासकट सुटून येतात आणि दमट हवेत त्यांची पकड ढिली पडते, म्हणून डोक्यावर त्यांचा वापर आम्ही फक्त कागदी किंवा कापडी, अगदी हलक्या वस्तूंसाठी मान्य करतो. त्याऐवजी पलंगाच्या मागे, जमिनीवर उभा राहणारा आणि पलंगालाच स्क्रूने जोडलेला लाकडी चौकटीचा पडदा आम्ही बनवून देतो, ज्यावर कापड ताणून बसवलेले असते. घर बदलताना तो सोबत नेता येतो.

आमच्याकडे येताना

पलंगाची रुंदी, डोकेपट्टीची जमिनीपासूनची उंची, वर सांगितलेली डोक्याची खूण आणि छताची उंची, ही चार मापे फूट-इंचांत लिहून आणावीत. भिंतीचे दिवसा काढलेले छायाचित्र आणावे, ज्यात दोन्ही बोर्ड आणि खिडकी दिसतील. आणि भिंतीपलीकडे न्हाणीघर, शेजाऱ्यांचे घर की मोकळी हवा आहे ते सांगावे. मूळ छायाचित्र किंवा कापड गुंडाळी न करता, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणावे. कारागीर पाठवण्यापूर्वी आपल्या सोसायटीत ड्रिल चालवण्यास कोणत्या वेळी परवानगी आहे हे कळवावे. काम झाल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, आमचा माणूस एकदा येऊन चौकट उतरवतो, मागची बाजू आणि हुक तपासतो आणि ती पुन्हा लावून देतो. या भेटीचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.