हाड जुळतं, मग गादी का भरत नाही?

चिंचेवरून पडून माझ्या मुलाचं मनगटाजवळ हाड मोडलं. दीड महिन्यात प्लास्टर निघालं, पोरगा पुन्हा झाडावर. त्याच घरात माझी आई कैक वर्षांपासून भिंत धरून उठते. परवा ती म्हणाली, "पोराचं हाड जुळलं, मग माझाच गुडघा कामून सुधरंना? लई दुखायलाय." उदगीरच्या बाजारातून तिनं तेलाची बाटली आणली होती. गुडघ्यातली गादी भरून येते, असं विकणारा भोंग्यावरून सांगत होता म्हणे.

आईचा प्रश्न मला फार आवडला. कारण हाड आणि गादी दोन्ही एकाच घराण्यातली. नववीत आपण प्राण्यांच्या चार ऊती शिकलो: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. हाड, गुडघ्यातली गादी म्हणजे कास्थी, इतकंच काय रक्तसुद्धा संयोजी ऊतीत येतं. या ऊतीत पेशी विरळ आणि त्यांच्याभोवतीचा आधारक, म्हणजे पेशींमधली जागा भरणारा पदार्थ, भरपूर. रक्तात तो पातळ, हाडात कॅल्शियम फॉस्फेटमुळे टणक, कास्थीत घट्ट जेलीसारखा.

हाडात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. हाड मोडलं की त्या तुटतात, रक्त साकळतं, त्या गाठीत दुरुस्तीच्या पेशी येतात. आधी मऊ ठिगळ लागतं, मग त्याचं हाड होतं. कास्थीत मात्र रक्तवाहिनी एकही नाही. दुरुस्तीच्या पेशींना यायला वाटच नाही. झिजलेली कास्थी भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शरीररचनातज्ज्ञानं १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं.

मग रक्ताशिवाय कास्थी जगते कशी? गुडघ्यात ती फक्त दोन ते चार मिलिमीटर जाड, आणि वजनाचा ७० ते ८० टक्के भाग पाणी. कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळीत प्रथिन-शर्करेचे मोठे रेणू अडकलेले असतात. त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. त्यामुळे धन प्रभाराचे सोडियम आयन तिथे जमतात, त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं आणि कास्थी फुगून ताठ राहते. पाऊल टेकलं की दाबानं थोडं पाणी बाहेर पडतं, उचललं की परत आत शिरतं. सांध्यातल्या द्रवातलं अन्न पेशींपर्यंत पोचायला ही ये-जा मदत करते. हा द्रव निरोगी गुडघ्यात चहाच्या चमचाभरही नसतो! पायाची हालचाल हीच कास्थीच्या जेवणाची वेळ. म्हणून 'गुडघा दुखतो, चालूच नका' हा शेजारपाजारचा सल्ला मला पटत नाही.

आता ते तेल. त्वचेचा वरचा थर म्हणजे अभिस्तर ऊती, आणि बाहेरचं बाहेर ठेवणं हेच तिचं काम. तेल तिथेच अडतं. समजा आत गेलं, तरी नवी कास्थी बनवण्याचा गुण त्यात नाही. चोळल्यानं बरं वाटतं हे खरं, पण ती ऊब आणि तो स्पर्श चेता ऊतीनं मेंदूला कळवलेला असतो. कास्थीला स्वतःच्या चेता नाहीतच. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. गादी भरून देतो म्हणून कष्टकरी बायांकडून पैसे घेणं ही फसवणूक आहे, मग ते तेल असो की मंतरलेला काळा दोरा.

उरली स्नायू ऊती. मांडीचे स्नायू बळकट असले की सांधा सावरला जातो, दुखणं कमी होतं. डॉक्टरांनी आईला तोच व्यायाम दिलाय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आवळायची, दहा अंक मोजायचे, सोडायची. अंक मोजायचं काम नातवाकडे आहे.