कसाव्यातलं विष जातं कुठे?

उपासाच्या खिचडीतला साबुदाणा कसाव्याच्या मुळातल्या स्टार्चपासून बनतो. हेच मूळ कच्चं खाल्लं तर सायनाइडची बाधा होऊ शकते. तरीही आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशियातल्या कोट्यवधी लोकांचं पोट कसाव्यावर भरतं. हे जमतं कसं, त्यामागचं रसायनशास्त्र फार सुंदर आहे.

कसावा एरंडाच्या कुळातला, मूळचा ॲमेझॉन खोऱ्याच्या दक्षिणेकडचा. त्याच्या मुळात तयार सायनाइड नसतंच. पेशीच्या आत, रिक्तिका नावाच्या पिशवीत, लिनामरिन नावाचं संयुग साठवलेलं असतं आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम) असतं पेशीच्या भिंतीत. मूळ धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. कुणी दात लावला, पेशी फुटल्या, की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटू लागतं.

माणसाने झाडाचं हे हत्यार झाडावरच उलटवलं. हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे उष्ण प्रदेशातल्या साध्या दुपारीही ते उडून जातं. मूळ जितकं बारीक किसाल, तितकं विष भराभर तयार होतं आणि तितकंच भराभर निघून जातं. ॲमेझॉनमध्ये किसलेला लगदा ‘तिपिती’ नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरतात. नळी टांगून खालून ताणली की ती आवळत जाते आणि पिवळा रस निथळतो. उरलेला लगदा भाजून खातात. रसही वाया घालवत नाहीत, तो बराच वेळ उकळून स्वयंपाकात वापरतात.

मोठे तुकडे थेट उकळत्या पाण्यात टाकले तर मात्र उलटंच होतं. उष्णतेने विकर निकामी होतं आणि बरंचसं लिनामरिन न फुटता तसंच राहतं. पुढे आतड्यातले जिवाणू ते फोडू शकतात. म्हणून जास्त विषाच्या, कडू जातींना नुसतं उकडणं पुरत नाही. केरळात माशांच्या कालवणाबरोबर खातात तो कप्पा, म्हणजे उकडलेला कसावा, कमी विषाच्या, गोड जातींचा असतो. त्याचीही जाड साल काढून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून देतात.

घाई केली तर काय होतं ते १९८१ साली मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दिसलं. दुष्काळात कडू कसावाच तेवढा तगला होता, आणि पाण्याच्या ताणाने मुळातलं विष आणखी वाढतं. भुकेल्या लोकांना तो नीट वाळू द्यायलाही सवड नव्हती. हजाराहून अधिक जणांचे, बहुतेक बायका-मुलांचे, पाय कायमचे ताठरले. या आजाराला कोंझो म्हणतात. शरीर थोडंफार सायनाइड निकामी करू शकतं, पण त्यासाठी प्रथिनांमधून मिळणारं गंधक लागतं, आणि ताटात कसाव्याशिवाय काहीच नव्हतं.

यावर ऑस्ट्रेलियातले रसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी सुचवलेला उपाय मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याला पैसा लागत नाही. कसाव्याचं पीठ पाण्यात कालवायचं, पातळ थर पसरायचा आणि उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचा. ओल मिळताच विकर पुन्हा कामाला लागतं आणि विष उडून जातं.

तामिळनाडूत सेलमच्या साबुदाणा कारखान्यांतही तत्त्व हेच. मुळं सोलून, चिरडून, पाण्याने धुऊन स्टार्चचं दूध गाळतात. ते हौदात निवळलं की तळाशी पांढरा साका बसतो. तो फोडून, हलवून त्याचे दाणे करतात, भाजतात आणि उन्हात वाळवतात. इतक्या धुण्या-वाळवण्यानंतर सायनाइड नावालाच उरतं. अर्थात प्रथिनंही उरत नाहीत, म्हणून खिचडीतलं दाण्याचं कूट हवंच.

परसात कसावा लावायचा असेल तर बेणं मुळाचं नाही, खोडाचं घ्यावं लागतं, कारण या मुळाला बटाट्यासारखे डोळे नसतात. पक्व खोडाच्या वीतभर कांड्या तीन-तीन फुटांवर, पाणी न तुंबणाऱ्या जमिनीत उभ्या रोवाव्यात. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या ‘श्री जया’, ‘श्री विजया’ या जाती सहा-सात महिन्यांत काढणीला येतात आणि उकडून खायला चांगल्या. काढलेलं मूळ दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळं पडतं, तेव्हा लागेल तेवढंच खणावं. शेळ्या असतील तर ओल्या पाल्यापासून त्यांना लांब ठेवा, पानांतही तेच विष असतं. पाला घालायचाच असेल तर बारीक चिरून, उन्हात कडक वाळवून घाला.