बँकेतील केवायसी: ओळख कशी पटवतात आणि बँक तिच्यावर किती भरवसा ठेवते

बँकेत आधार, पॅन आणि फोटो दिला की ओळख पटली, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ही कागदपत्रे कोणत्या मार्गाने तपासली गेली, यावर त्या ओळखीचे वजन ठरते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी, म्हणजे ‘आपला ग्राहक ओळखा’, या निर्देशांत (मूळ निर्देश 25 फेब्रुवारी 2016 चे असून पुढे त्यांत अनेकदा बदल झाले) हे वजन खात्यावर घातलेल्या रकमेच्या मर्यादेतून दिसते.

घरबसल्या केवळ आधारच्या ओटीपीवर उघडलेले खाते हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. आधारला जोडलेला मोबाइल त्या क्षणी कोणाच्या तरी हातात होता, एवढेच ओटीपीवरून कळते. तो हात आधारधारकाचाच होता की नाही, हे कळत नाही. म्हणून अशा ग्राहकाच्या सर्व ठेव खात्यांत मिळून 1 लाख रुपयांपेक्षा अधिक शिल्लक ठेवता येत नाही, आर्थिक वर्षात एकूण 2 लाखांपेक्षा अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही, आणि वर्षभरात पूर्ण केवायसी झाली नाही तर ते खाते चालू ठेवता येत नाही. ग्राहकाने शाखेत जाऊन किंवा व्हिडिओ केवायसीने ओळख पटवली की या मर्यादा उठतात. व्हिडिओ केवायसीत बँकेचा प्रशिक्षित अधिकारी ग्राहकाशी प्रत्यक्ष बोलतो, मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो, ठिकाणाची नोंद घेतो (ग्राहक त्या वेळी भारतातच असावा लागतो) आणि दुसऱ्या तपासणीनंतरच खाते सुरू होते; त्यामुळे तिला समोरासमोरच्या पडताळणीचा दर्जा आहे.

ओळख आणि पत्ता यांसाठी पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र किंवा आधार यांपैकी एक कागद पुरतो. सोबत पॅन, आणि ते नसल्यास फॉर्म 60 (पॅन नसल्याचे घोषणापत्र) द्यावा लागतो. कागदावरचा पत्ता जुना असेल तर दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीज, पाणी, टेलिफोन किंवा पाइपने येणाऱ्या गॅसचे बिल अथवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते. मात्र वरील यादीतला, नवा पत्ता असलेला दस्तऐवज तीन महिन्यांत सादर करावा लागतो. सिलिंडरची पावती यात बसत नाही, हे खिडकीवर गेल्यावर कळण्यापेक्षा आधी माहीत असलेले बरे.

यांपैकी एकही कागद नसलेल्या माणसालाही खाते नाकारता येत नाही. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून आणि स्वतः साक्षांकित केलेला फोटो देऊन त्याला ‘लघु खाते’ उघडता येते. त्यात शिल्लक 50 हजार, वर्षातील जमा 1 लाख आणि महिन्यातील काढलेली व पाठवलेली रक्कम 10 हजार रुपये, अशा मर्यादा असतात. खाते प्रथम 12 महिने चालते. अधिकृत दस्तऐवजासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी 12 महिने मिळतात.

यंत्राने ओळख पटवताना मात्र भरवशाचा प्रश्न अधिक नाजूक होतो. बोटाच्या ठशाची जुळणी मागितली असता आधारकडून ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच उत्तर येते, पण त्यामागे दोन ठशांतल्या साम्याला दिलेले गुण आणि ते किती असावेत याची आधी ठरवलेली रेषा असते. रेषा वर नेली तर तोतये अडतात, पण खरी माणसेही अडतात. खाली आणली तर उलटे घडते. वर्षानुवर्षे वीट उचलणाऱ्या किंवा ऊस तोडणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात. तेथे आलेल्या ‘नाही’चा अर्थ ‘हा माणूस तो नव्हे’ असा नसून ‘या ठशावरून ठरवता येत नाही’ एवढाच असतो, आणि अशा वेळी डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा यांवरून पडताळणी करण्याची मागणी अवश्य करावी.

नावाची जुळणीही अशीच फसवी आहे. ‘ज्ञानेश्वर’ एका कागदावर इंग्रजीत ‘डी-एन’ने, तर दुसऱ्यावर ‘जी-वाय’ने सुरू होतो, आणि संगणकाला ती दोन माणसे वाटतात. अर्ज करण्यापूर्वी पॅन आणि आधारवरील स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून पाहावे. लग्नानंतर नाव बदलले असल्यास जुन्या नावाच्या दस्तऐवजाला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जोडावी.

एकदा पटलेली ओळखही कायमची धरली जात नाही. जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी किमान दर 2, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची 8 आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची 10 वर्षांनी अद्ययावत करावी लागते. माहितीत काहीच बदल नसेल तर स्वयंघोषणा पुरते. अशा वेळी पुन्हा झेरॉक्सचा गठ्ठा मागणे नियमाला धरून नाही.

समोर जिवंत माणूसच आहे हे तपासण्यासाठी डिजिटल केवायसीत पापणी लववायला सांगतात; ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना कॅमेऱ्यासमोर ती लववता येत नसल्याने अशी केवायसी करता येत नव्हती. या प्रकरणी 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यायी पद्धती देण्याचा आदेश दिला. त्यानंतर अर्ज विचार न करता फेटाळू नये आणि फेटाळल्यास कारण अधिकाऱ्याने नोंदवावे, असेही रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले. म्हणून नकार मिळाल्यास ते कारण लेखी मागावे, बँकेकडे तक्रार नोंदवावी, आणि 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.